वाफसा येईपर्यंत

त्या पानगळीत आमच्या गोल्फ मैदानावरच्या पर्जन्यमापकात नऊ दिवसांचा मिळून १३७ मिलिमीटर पाऊस भरला. आकडा ऐकायला फार मोठा नाही. उन्हाळी वादळात याच्या निम्मा पाऊस एका रात्रीत पडून दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ सुरू झालेला मी पाहिला आहे. पण पानगळीतला पाऊस वेगळा असतो. तो जोरात कमी आणि चिवट जास्त. झड लागते, मध्येच तासाभराची उघडीप मिळते, आणि आपण हात पुसून कामाला लागतो न लागतो तोच पुन्हा रिपरिप सुरू होते.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटरच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, १३७ मिलिमीटर म्हणजे ६८,५०० लिटर. भर उन्हाळ्यात ऊन, वारा आणि गवत मिळून दिवसाला ढोबळमानाने चार-पाच मिलिमीटर पाणी वर उडवतात. पानगळीत सूर्य खाली उतरलेला, दिवस आखूड, गवताची भूक मंदावलेली, झाडांच्या सावल्या लांबलेल्या. दिवसाला एक मिलिमीटर उडालं तरी खूप. उरलेलं सगळं पाणी खालीच जायला हवं. जमिनीने ते घेतलं नाही तर ते तिथेच बसून राहतं, आणि आपण त्याच्याकडे बघत उभे राहतो.

अठरा होलच्या मैदानाची देखभाल माझ्याकडे आहे. त्या नऊ दिवसांत आणि त्यानंतरच्या वर्षभरात जे केलं, जे चुकलं, ते सगळं लिहून ठेवते आहे.

चुकीपासून सुरुवात करते, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. शनिवारी स्पर्धा होती आणि गवत चार दिवस कापलेलं नव्हतं. ट्रिपलेक्स मॉवर, म्हणजे बसून चालवायचा तीन पात्यांचा, बाहेर काढायला मीच सांगितलं. पहिल्या सहा ग्रीनवर चाकांच्या फिकट रेघा उमटल्या, तेवढ्यावर निभावलं. सातव्या ग्रीनच्या कडेला मॉवर वळला आणि चाकाखालचं गवत मुळांसकट सरकलं. हातभर लांबीची पट्टी, ताटातल्या दुधावरची साय बोटाने बाजूला करावी तशी. खाली काळा, चकचकीत चिखल. ती जखम वसंत येईपर्यंत भरली नाही.

आमच्याकडे निचऱ्याचं काम बघणारे एक जुने जाणते आहेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी वाकून ती पट्टी परत जागेवर बसवली, तळव्याने दाबली आणि म्हणाले, "ताई, वाफसा नसताना कुणी औत घालतं का?"

शेतात हा शब्द लहान पोरालाही कळतो. मैदानावर काम करताना मी तो विसरले होते. वाफसा म्हणजे जमिनीत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती. सगळी छिद्रं पाण्याने भरलेली असतात तेव्हा मातीच्या कणांमध्ये पाणी वंगणासारखं वागतं. वजन आलं की कण सरकतात, एकमेकांना घट्ट चिकटतात आणि मधली पोकळी कायमची मिटते. पुढच्या पावसाचं पाणी त्या जागी आणखी हळू मुरतं. म्हणजे आज केलेल्या घाईचं व्याज पुढचे तीन महिने भरावं लागतं.

मामांची परीक्षा सोपी आहे. फेअरवेवरची, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यातली, मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा, अंगठ्याने टोचायचा. गोळा फुटला तर यंत्र जाऊ शकतं. अंगठा आत रुतून माती नुसतीच लिंपली गेली तर यंत्र शेडमध्येच राहील. ग्रीनवर आम्ही टाच वापरतो. टाचेवर भार देऊन उभं राहायचं. बुटाभोवती पाणी वर आलं तर त्या ग्रीनवर कुणीच चढायचं नाही, माणूसही नाही. त्या दिवसापासून सकाळी कामं वाटण्याआधी ही परीक्षा होते, आणि तिच्या निकालावर वाद होत नाही.

मग यंत्रं बंद ठेवून पावसात करायचं काय? भरपूर काम असतं, फक्त ते ग्रीनवर नसतं. पहाटे अंधारातच आम्ही चेंबरच्या जाळ्या बघायला निघायचो. पानगळीत निचऱ्याचा खरा शत्रू पान आहे. कोरडं पान वाऱ्याने उडतं, ओलं पान जाळीवर कागदासारखं चिकटतं. दोन-तीन थर बसले की खालची नळी कितीही मोठी असली तरी उपयोग नाही, वर तळं साचतं. एका जाळीवरची पानं दाताळ्याने ओढली की पाणी भोवरा करून आत जातं. पाच मिनिटांत फेअरवेवरचं गवत पुन्हा दिसायला लागतं. इतक्या थोड्या कष्टात इतका परिणाम आमच्या कामात दुसरीकडे कुठे मिळत नाही. वारा असेल त्या दिवशी आम्ही चार-चार तासांनी ही फेरी मारायचो.

सहाव्या दिवशी दुपारी सर कोसळत असताना मामा हातात लहान झेंड्यांचा गठ्ठा घेऊन आले. "चला, आत्ताच बघू. उद्या कळायचं नाही." आम्ही दोघं रेनकोट घालून सगळं मैदान चाललो. पाणी जिथे साचलं होतं तिथे निळा झेंडा, जिथून वाहत येत होतं तिथे पिवळा. ही युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटते. कोरड्या दिवशी जमिनीचा उतार डोळ्याला फसवतो. पावसात पाणी स्वतःच नकाशा काढून देतं. चौदाव्या फेअरवेवर बारा निळे झेंडे एका सरळ रेषेत लागले. सरळ रेष निसर्गात नसते. तिच्याखाली जुनी नळी असणार, आणि ती तुंबलेली असणार.

नळीचा नकाशा कुणाकडेच नव्हता. ती टाकणारे कधीच निवृत्त झाले होते. आम्ही रेषेचं टोक धरून खालच्या ओढ्यापर्यंत गेलो. काठावर वेली आणि झुडपं माजली होती. कोयत्याने साफ केल्यावर गुडघाभर खाली नळीचं तोंड सापडलं. ते मुळांच्या गुंत्याने आणि गाळाने गच्च बुजलेलं होतं. त्या भोकातून धड बोटभर धारही येत नव्हती. मामांनी लोखंडी सळई आत घालून फिरवली, ओढली, पुन्हा घातली. तिसऱ्या खेपेला आतून एक घोगरा आवाज आला आणि काळं पाणी एवढ्या जोराने बाहेर पडलं की आम्ही दोघंही मागे सरलो. ते पाणी पाऊण तास वाहिलं. आधी काळं, मग तांबूस, शेवटी स्वच्छ.

त्या संध्याकाळी बारापैकी आठ झेंड्यांखालचं पाणी गेलं होतं. चार जागी तसंच राहिलं. तिथे नळी दबलेली असावी असं मामांचं म्हणणं पडलं आणि ते पुढे खरं निघालं. पण नवी नळी टाकायचे किती मनसुबे आम्ही आधी रचले होते! निचऱ्याचा विचार करताना तोंडापासून सुरुवात करावी हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. आता आमच्याकडे प्रत्येक नळीच्या तोंडाशी रंगवलेला खांब आहे आणि पानगळ सुरू होण्याआधी प्रत्येक तोंड हाताने तपासलं जातं.

बंकरमध्ये, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यांत, त्या दिवसांत नुसतं पंप लावणं चाललं होतं. पाणी उपसायचं, उतारावरून घसरलेली वाळू फावड्याने परत वर चढवायची, रात्री पुन्हा पाऊस, सकाळी पुन्हा तेच. चार दिवसांनी मी ते थांबवलं. वाळू खाली येताना मागची माती सोबत आणते, आणि मातीमिश्रित वाळू आपण जितक्या वेळा वर ढकलू तितकी ती माती सगळीकडे पसरते. त्या वाळूतून मग पाणी जातच नाही. पाऊस संपेपर्यंत फक्त उपसा करायचा, खराब वाळू नंतर काढून टाकायची आणि नवी भरायची, असं ठरवलं. दोन बंकरच्या वरच्या अंगाला नंतर आम्ही उथळ चर काढून पाणी बाजूला वळवलं. ते दोन्ही पुढच्या वर्षी फुटले नाहीत.

ग्रीनवर पाणी साचलं की वायपर घेऊन धावायची सवय सगळ्यांना असते. त्यातही रीत आहे. पाणी ढकलताना उताराच्या दिशेने, ग्रीनच्या पुरेसं बाहेर न्यायचं. कडेला सोडलं तर पुढच्या सरीबरोबर परत येतं. एकाच वाटेने दहा फेऱ्या मारल्या तर त्या वाटेचा चिखल होतो. आणि टाचेची परीक्षा नापास झालेल्या ग्रीनवर वायपरही नको. पाणी काही दिवस उभं राहिल्याने थंडीत गवत लगेच मरत नाही, थंड पाण्यात ते बराच काळ तग धरतं. त्यावर चाललेली पावलं मात्र ते सहन करत नाही.

स्पर्धा रद्द केली तेव्हा नाराजी झाली. एका सदस्यांनी मला शांतपणे विचारलं, "नियमात तर साचलेल्या पाण्यातून दंडाशिवाय सुटका आहे. मग मैदान बंद कशाला?" प्रश्न रास्त होता. पूर्वी ज्याला कॅज्युअल वॉटर म्हणायचे त्याला २०१९च्या नियमांपासून टेम्पररी वॉटर म्हणतात. १६.१ या नियमाप्रमाणे चेंडू त्यात असेल, किंवा उभं राहायची जागा त्यात येत असेल, तर दंड न घेता तो जवळच्या योग्य जागी टाकता येतो. पण हा नियम चेंडूची अडचण सोडवतो, गवताची नाही. मी त्यांना सातव्या ग्रीनच्या कडेपर्यंत नेलं आणि ती सरकलेली पट्टी दाखवली. "एका यंत्राच्या एका वळणाने हे झालं. शनिवारी इथे शेकड्याने पावलं पडली असती." ते बराच वेळ बघत राहिले. नंतर बंदच्या निर्णयावर त्यांनीच इतरांना समजावलं.

सातव्या ग्रीनने मला सगळ्यात जास्त शिकवलं. ते आमच्या चांगल्या ग्रीनपैकी एक. अमेरिकेच्या युएसजीए या गोल्फ संघटनेने १९६०मध्ये जी बांधणीची पद्धत प्रसिद्ध केली, त्या पद्धतीचं. वर सुमारे ३०० मिलिमीटर वाळूचा थर, खाली १०० मिलिमीटर खडी, खडीखाली चरांमध्ये नळ्या. बारीक वाळू आणि जाड खडी यांच्या सीमेवर पाणी अडून राहतं. वर पुरेसं पाणी साचून वजन आलं की ते एकदम खाली सुटतं. त्यामुळे उन्हाळ्यात ओल टिकते आणि पावसात जादा पाणी निघून जातं. या बांधणीच्या वाळूतून तासाला किमान १५० मिलिमीटर पाणी खाली जावं अशी अपेक्षा असते.

हा आकडा मी त्या रात्री पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. नऊ दिवसांत मिळून पडलेला सगळा पाऊस या ग्रीनने एका तासात गिळायला हवा होता. मग त्यावर पाणी कसं उभं राहिलं?

आधी सगळ्यांचा संशय नळ्यांवर. चौदाव्याचा अनुभव ताजा होता, त्यामुळे माझाही. खणायची तयारी झाली होती. त्याआधी होल कापायचं कटर घेऊन साचलेल्या डबक्याच्या मधोमध मी एक गोळा काढला. आमच्यातल्या एका मुलाने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "ताई, खाली पाणीच नाही."

गोळ्याचा वरचा दोन-अडीच सेंटिमीटरचा भाग काळसर, भिजल्या स्पंजासारखा. दाबला की बोटांतून पाणी गळत होतं. सडक्या अंड्यासारखा वास येत होता. हवा कोंडलेल्या जागी जिवाणू गंधकाचा तो वास तयार करतात आणि माती काळी पडते. त्याच्या खाली मात्र स्वच्छ, फिकट वाळू होती. नुसती ओलसर, हातात भुरभुरणारी. मुळं काळ्या थरातच थांबलेली. पाणी त्या दोन सेंटिमीटरच्या पलीकडे गेलंच नव्हतं. नळ्या ठणठणीत होत्या, त्यांच्यापर्यंत पाणी पोचतच नव्हतं.

तो थर आम्हीच वाढवला होता. गवताचे मेलेले देठ, मुळं आणि काड्या जितक्या वेगाने कुजतात त्यापेक्षा जास्त वेगाने साठतात, तेव्हा असा गादीसारखा थर बनतो. ग्रीन हिरवंगार दिसावं म्हणून नत्र थोडं सढळ हाताने दिलं होतं, आणि खेळात खंड नको म्हणून वाळू भरण्याचं काम दोन वर्षं पुढे ढकललं होतं. पृष्ठभाग मऊ आणि सुंदर दिसत होता. ओला झाल्यावर त्याने आपलं खरं रूप दाखवलं.

त्यात बुरशी आली. नवव्या दिवशी पाऊस थांबला, आभाळ उघडलं आणि सगळे सुटकेचा श्वास सोडत होते, तेव्हा सकाळी दवात नाण्याएवढे तांबूस ठिपके दिसले. कडा तपकिरी, जवळून पाहिलं तर पांढऱ्या कापसासारखे धागे. मायक्रोडोकियम. थंड, ओल्या हवेत फोफावणारा हा रोग मॉवरच्या चाकांवरून आणि बुटांवरून एका ग्रीनवरून दुसऱ्यावर जातो. आम्ही औषध मारलं, पण मला त्यापेक्षा जास्त भरवसा दव झाडण्याचा वाटतो. रोज पहाटे लांब लवचिक काठी फिरवून पात्यांवरचं पाणी खाली पाडायचं. पातं जितके तास कोरडं राहील तितकी बुरशी मागे हटते. गवताची उंची साडेतीन मिलिमीटरवरून साडेचारवर नेली आणि ग्रीनवर फक्त हाताने ढकलायचा मॉवर ठेवला, तोही वाफसा आल्यावर. होल रोज नव्या जागी, पण नेहमी उंच भागात, म्हणजे खेळणारे खोलगट भागाकडे जाणार नाहीत.

फेअरवेवर गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीच्या ढिगल्यांनी उच्छाद मांडला होता. त्या ओल्या असताना चिरडल्या की वर लिंपण बसतं. कोरड्या झाल्यावर झाडून टाकल्या तर खतासारख्या पसरतात. इतकंच, पण यासाठीही वाट बघावी लागते.

पुढचं वर्ष सातव्या ग्रीनच्या मागे गेलं. उन्हाळा संपता संपता, जमीन कोरडी आणि उबदार असताना, पोकळ दात्यांनी भोकं पाडली. वेळ महत्त्वाची होती. ओल्या मातीत दाते घातले तर भोकाच्या भिंती चोपडल्या जातात आणि पाणी त्यातूनही जात नाही. शिवाय पाऊस येण्याआधी भोकं भरून गवत जुळून यायला हवं होतं. १२ मिलिमीटरचे दाते, ५० मिलिमीटरच्या अंतराने. म्हणजे दर चौरस मीटरला चारशे भोकं, पूर्ण ग्रीनवर दोन लाख. एवढं करून पृष्ठभागाचा जेमतेम साडेचार टक्के भाग निघतो. भोकं ७५ मिलिमीटर खोल होती, ती काठोकाठ भरायला सुमारे १.७ घनमीटर कोरडी वाळू लागली. झाडूने, मग पायाच्या बोटांनी तपासत, प्रत्येक भोक वरपर्यंत भरलंय ना हे पाहत आम्ही संध्याकाळ केली. अर्धवट भरलेलं भोक वरून मिटतं आणि सगळी मेहनत वाया जाते. त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी वाळूचा पातळ हात दिला, आणि नत्र कमी केलं. दोन आठवडे ग्रीनवर चेंडू उड्या मारत होता आणि तक्रारी येत होत्या. प्रत्येकाला मी तो काळा गोळा दाखवला. काचेच्या बरणीत जपून ठेवला होता.

दुसऱ्या पानगळीत पाऊस आला. आठवड्याभरात ९८ मिलिमीटर, तेवढाच चिवट. पाचव्या दिवशी सकाळी सर थांबून वीस मिनिटं झाली होती. मी सातव्या ग्रीनच्या त्याच खोलगट जागी टाच रोवून उभी राहिले. बुटाभोवती पाणी आलं नाही. मामा कटर घेऊनच आले होते. गोळा काढला. काळी पट्टी अजून होती, बोटाच्या नखाएवढी. वास नव्हता. वाळूने भरलेल्या भोकांच्या पांढऱ्या उभ्या रेघा तिला छेदून खाली गेल्या होत्या आणि त्या रेघांच्या आतून मुळं उतरली होती. मामांनी खिशातली पट्टी लावून मोजली. अकरा सेंटिमीटर.

गोळा परत बसवून त्यांनी तळव्याने दाबला. "मॉवर काढायचा का?" मी विचारलं.

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "दुपारपर्यंत थांबू ताई."

मग आम्ही चौदाव्याकडे गेलो. तिथे अजून चार निळे झेंडे लागतात.